जादूगार ‘काऊन’ म्हणाला तर

दर रविवारी आम्ही टेबलाभोवती बसून डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलत गोष्ट पुढे न्यायची. त्या टेबलावर एक लोहार आहे. जातीचा ड्वार्फ, म्हणजे बुटका आणि दणकट, दाढी बेंबीपर्यंत, एक डोळा भट्टीच्या ठिणगीनं गेलेला. दीड वर्षापूर्वी तो अगदी ऐनवेळी जन्माला आला. खेळणाऱ्यांनी मी तयारच न केलेल्या गावात शिरून तलवारीला धार लावून हवी म्हणून हट्ट धरला, आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, या नात्यानं मला पाच सेकंदांत एक माणूस उभा करावा लागला. तोंडातून निघालं ते असं : “धार पाह्यजे का तुले? मंग पयले पैसे काढ ना बे.” सगळे हसून लोळले. लोहार तिथेच कायमचा झाला. पुढे राजवाड्याचा प्रसंग आला. तिथली एल्फ प्रधान म्हणाली, “आपण येणार याची आम्हांला कल्पना होती.” यावर कोणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काय होतं?

आम्ही सहा जण. खेळ चालतो नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका मित्राच्या वरच्या खोलीत. सहापैकी पाच जण घरी, फोनवर, गाडीला कट मारणाऱ्याशी बोलताना थोड्याफार फरकानं त्या लोहारासारखंच बोलतात. एल्फ प्रधानासारखं आमच्यातलं कोणीच बोलत नाही. तरी दीड वर्षात माझ्या जगात शहाणे, राजे, पुजारी, सेनापती आणि ड्रॅगन पुण्याचं मराठी बोलले. लोहार, खानावळवाले, चोर आणि गाढववाले वऱ्हाडी बोलले. हे मी ठरवून केलं नव्हतं, आणि खटकण्यासारखं तेच आहे.

हे लक्षात आलं एका नव्या कॅरेक्टर शीटमुळे. आमच्या शीटवर ताकद, चपळाई, अक्कल यांच्या आकड्यांखाली मी स्वतः एक ओळ वाढवलेली आहे : ‘बोलणं कसं?’ टेबलावर नव्यानंच आलेल्या मैत्रिणीनं एक देवऋषीण तयार केली होती. पाण्यात पाहून पुढचं सांगणारी, हाडं वाचणारी, पार्टीतली, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीतली, सगळ्यांत ताकदवान जादूगारीण. त्या ओळीपुढे तिनं लिहिलं होतं : ‘माझ्या तिवस्याच्या आजीसारखं’. शेजारच्यानं वाकून वाचलं आणि अगदी सहज विचारलं, “अच्छा, कॉमेडी कॅरेक्टर आहे का?” ती म्हणाली, “नाही. काऊन?”

तिचा ‘का?’ हा प्रश्न खरा होता. शेजाऱ्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

आपल्या घडवलेल्या पात्राला कुठला आवाज द्यायचा, कुठले उच्चार द्यायचे, हा खेळाडूंना हौसेचा भाग वाटतो. केसांचा रंग निवडावा तसा आवाज निवडायचा. माझं म्हणणं असं की, या सबंध खेळात सगळ्यांत जास्त समाज जर कुठून आत येत असेल तर तो या एका निवडीतून येतो. जादूचे नियम पुस्तकात असतात, नकाशा आपण काढतो; पण कोण शहाणा वाटेल आणि कोण बावळट, हे आपण उच्चारांवरून ठरवतो. आणि ते ठरवताना आपली कल्पनाशक्ती सुट्टीवर गेलेली असते.

विलायती व्हिडिओ गेम्समध्ये काय चालतं ते पाहा. वॉरक्राफ्टमधले ड्वार्फ स्कॉटिश बोलतात, आणि ही चाल इतकी रुळली आहे की आज इंग्रजीत ड्वार्फ म्हटला की मनात स्कॉटिश सूरच वाजतो. ते कोणत्या शिलालेखात लिहिलेलं नाही. ड्रॅगन एज मालिकेनं आपले ड्वार्फ अमेरिकन बोलते केले, आणि काही बिघडलं नाही. २०१५ च्या विचर ३ मध्ये स्केलिगे बेटांवरचे दर्यावर्दी आयरिश वळणानं बोलतात. खेळाडू दहा मिनिटांत त्यांना सरावतात. म्हणजे प्रादेशिक उच्चार कानावर पडले की गोष्ट कळत नाही, हे खरं नाही. स्केलिगेतही सरदार, गायक, खुनी, म्हाताऱ्या बाया असे सगळेच तसं बोलतात, त्यामुळे तो सूर विनोदाची खूण न राहता एका मुलखाचा सूर होतो. एकटाच लोहार तसा बोलला असता तर तिथेही लोक हसलेच असते.

स्वतःच्या पात्राला आवाज निवडू देण्याची सोय मात्र या खेळांत बेताचीच असते, आणि कारण साधं आहे, पैसा. पात्र बोलतं ठेवायचं तर त्याचं प्रत्येक वाक्य प्रत्येक आवाजात वेगळं रेकॉर्ड करावं लागतं. २०११ च्या स्कायरिमनं तो खर्च टाळला : तुमचा नायक मुकाच, त्याची उत्तरं तुम्ही मनात वाचायची. ड्रॅगन एज इन्क्विझिशननं २०१४ मध्ये चार आवाज दिले, पुरुषाचे दोन आणि बाईचे दोन, प्रत्येकी एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये आठ आवाज आहेत, देहाच्या ठेवणीशी न बांधलेले, कोणीही कोणताही घ्यावा. मी ते आठही ऐकले. एका ब्रिटिश घराच्या आठ खोल्यांत फिरून आल्यासारखं वाटलं. खेळ अप्रतिम आहे, शंभरावर तास मी त्यात घालवलेत, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पण ज्या खेळात तुम्ही शिंगांचा, शेपटीचा, नाहीतर ड्रॅगनच्या खवल्यांचा माणूस होऊ शकता, तिथे तुमचा आवाज मात्र ब्रिटनबाहेर सहसा जात नाही.

आता यावर लगेच ‘हे सगळं पाश्चात्त्यांचं’ म्हणून मोकळं होण्याची आपल्याला सवय आहे. १९९७ मध्ये रोझिना लिप्पी-ग्रीन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी डिस्नेच्या कार्टूनपटांतले उच्चार मोजून दाखवलं होतं, की परक्या वळणाचं इंग्रजी बोलणारी पात्रं खलनायक निघण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. वाचून आपल्याला बरं वाटतं, चोर सापडला म्हणून. पण उच्चारांची उतरंड लावण्यात आपला हात धरणारं कोणी नाही. संस्कृत नाटकाची रीत आठवा. राजा, मंत्री, ऋषी संस्कृत बोलणार. राणी आणि तिच्या सख्या शौरसेनी प्राकृत बोलणार. खालचे लोक मागधी. विदूषक जन्मानं ब्राह्मण, पण त्याच्या तोंडी प्राकृत, कारण त्यानं हसवायचं असतं. मृच्छकटिकातला शकार, राजाचा मेहुणा आणि नाटकाचा खलनायक, ‘स’च्या जागी ‘श’ म्हणतो आणि तेवढ्यानंच प्रेक्षकाला कळतं की याला किती किंमत द्यायची. गंमत म्हणजे याच नाटकाच्या सुरुवातीला सूत्रधार संस्कृतात बोलता बोलता थांबतो आणि सांगून टाकतो, की कामाच्या आणि प्रयोगाच्या सोयीसाठी मी आता प्राकृत बोलणार आहे. तो वाचताना मला टेबलाच्या टोकाला पडद्याआड बसणारा डीएमच दिसतो. आवाज बदलण्याआधी आपण बदलतो आहोत हे सांगण्याचा प्रामाणिकपणा माझ्यात नव्हता, एवढाच फरक.

त्याच रीतीत आपल्या मराठीची पूर्वज असलेली महाराष्ट्री प्राकृत कुठे होती? बायकांच्या तोंडच्या पद्यात. काव्यशास्त्रकार दंडीनं काव्यादर्शात तिला सगळ्या प्राकृतांत श्रेष्ठ म्हटलं, तरी राजाच्या तोंडी ती नव्हती. ज्या भाषेनं रंगमंचावर दुसरी पायरी भोगली, तिनं पुढे स्वतःची तिसरी-चौथी पायरी बांधली आणि तिच्यावर वऱ्हाडी, झाडी, मराठवाडी, अहिराणी यांना बसवलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा नागपुरातही पेढे वाटले गेले. अभिजातपणाच्या पुराव्यांत ज्या लीळाचरित्राचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं, ते तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपुरात लिहिलं, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ वऱ्हाडच्या मातीतला. आणि त्या मुलखाचं बोलणं आज आमच्या टेबलावर गाढववाल्याला.

नागपूरचा गुंता तर याहून मजेशीर आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा. त्यात एल्फांची भाषा वेगळी, ड्वार्फांची वेगळी, ऑर्कांची वेगळी, आणि बाजारात सगळ्यांना कळणारी एक ‘कॉमन’. कॉमन म्हणजे कोणाचीच खास नाही अशी, सौदा करायची भाषा. मी खेळ मराठीत चालवायला लागलो तेव्हा कॉमनच्या जागी आपोआप प्रमाण मराठी आली. पण नागपूरच्या माणसाची कॉमन ती आहे का? इतवारीच्या बाजारात जाऊन पाहा. दुकानदार मराठी, गिऱ्हाईक मराठी, दोघं एकमेकांशी हिंदी बोलतात, भावावरून वाजलं की दोघं वऱ्हाडीत येतात आणि हिशेब पुन्हा हिंदीत होतो. त्याला इतिहास आहे. हे शहर मध्य प्रांताची राजधानी होतं, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाचीही, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात आलं. शंभराच्या आसपास वर्षं हिंदी मुलखाशी एका छपराखाली काढल्यावर जी भाषा तयार होते ती इथे रस्त्यावर आहे : ‘करून रायला’, ‘काऊन’, ‘मले मालूम नाई’, ‘हाव ना बे’. खेळाच्या पुस्तकात कॉमनचं जे वर्णन आहे ते हिला तंतोतंत लागू पडतं. तरी आम्ही सहा नागपूरकर कॉमन म्हणून जी भाषा वापरत होतो ती आमच्यापैकी कोणाच्याच बाजाराची नव्हती. शाळेची होती.

शाळेचं निघालंच आहे तर सांगतो. आठवीत वक्तृत्व स्पर्धेत माझं भाषण चांगलं झालं होतं. गुणपत्रिकेच्या खाली परीक्षकांनी लिहिलं होतं, ‘विचार उत्तम, बोली टाळावी’. भाषणात ‘मी सांगून रायलो’ असं एकदाच गेलं होतं. त्यानंतर मी घरी एक आणि बाहेर एक असं बोलायला शिकलो, आणि त्यात वाईट काही वाटलं नाही, उलट मिरवलं. कदाचित म्हणूनच एल्फ प्रधान माझ्या तोंडून इतकी सफाईनं बोलते. तिचा सराव आठवीपासूनचा आहे.

यावर मित्रांचे आक्षेप आले, त्यातला एक मला अजून पुरता सोडवता आलेला नाही. पहिला सोपा होता : वऱ्हाडी ऐकलं की हसूच येतं, त्याला काय करणार? भारत गणेशपुरे यांच्यासारख्या अमरावतीकडच्या कलावंतानं टीव्हीवरून ही बोली महाराष्ट्रभर घराघरांत नेली, लोकांनी ती डोक्यावर घेतली. मग विनोदात वाईट काय? विनोदात वाईट काहीच नाही. विनोद करणाऱ्याच्या अंगात ते कसब आहे, आणि बोलीत हजरजबाबीपणा ठासून भरलेला आहे. माझी तक्रार एवढीच की, त्या घराला आपण एकच दार ठेवलं. २०१६ साली ‘सैराट’मधली आर्ची करमाळ्याकडच्या बोलीत बुलेट चालवत आली आणि ती बोली नायिकेची होऊ शकते हे पुण्या-मुंबईलाही पटलं. त्याआधीही ती बोली तीच होती. फक्त तिच्या तोंडी कोणी नायिकेची वाक्यं दिली नव्हती.

लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ज्यांनी पाहिलं असेल त्यांना माझा मुद्दा लवकर कळेल. (त्यातलं वऱ्हाड लग्नाचं, आमचं नव्हे, बोली मराठवाडी.) एक माणूस, बावन्न पात्रं. त्या खेड्यातली माणसं जवळजवळ एकाच बोलीत बोलतात, तरी कोण बोलतंय याचा घोटाळा होत नाही. म्हातारा वाक्य गिळतो, बाई पदराआडून बोलते, पोरगं शब्दावर घसरतं. म्हणजे बोली हा काही एक ठरलेला नमुना नसतो, एका बोलीत अख्खं गाव राहतं. आम्ही मात्र वऱ्हाडी म्हटलं की एकच माणूस काढायचो, कमरेवर हात ठेवून ‘काय बे’ म्हणणारा.

दुसरा आक्षेप समजण्याचा. टेबलावर उद्या सांगलीचा पाहुणा आला तर? आला तर विचारेल. इंग्रजीत स्कॉटिश ड्वार्फ समजून घेणाऱ्या सांगलीच्या पोराला ‘मांगं’ म्हणजे मागे हे समजायला किती वेळ लागतो?

तिसरा आक्षेप अवघड, आणि तो मैत्रिणीनंच काढला. ती म्हणाली, मी माझ्या आजीचं बोलेन, ते माझं आहे. पण तू उद्या कोणाचंही बोलायला लागलास तर? तिचा रोख कळला, कारण माझ्या जंगलातले गॉब्लिन तिनं ऐकले होते. ते तुटक बोलायचे, क्रियापद नाही, हातवारे फार, आणि मधूनमधून मी त्यांच्या तोंडी असा काही सूर घालायचो की नागपूरच्या माणसाला तो गोंडांची नक्कल म्हणूनच ऐकू यावा. मी तसं ठरवलं नव्हतं हे इथे सांगून उपयोग नाही; लोहाराच्या वेळीही ठरवलं नव्हतं. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा, मराठीपेक्षा तेलुगूला जवळची, स्वतःचं भरभक्कम व्याकरण असलेली. आणि ज्या शहरात बसून मी ही नक्कल करत होतो ते वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं. लुटायला आणि मारायला सोप्या जमातीला आपण त्यांचा आवाज देतो, तेव्हा कोणाला मारणं सोपं वाटावं याचीच तालीम चाललेली असते. ते गॉब्लिन मी बंद केले. म्हणजे गॉब्लिन आहेत, आता ते आपसांत भरभर आणि पूर्ण वाक्यांत बोलतात, आणि आपल्या खेळाडूंनाच त्यातलं काही कळत नाही. तुटक बोलायची पाळी आता खेळाडूंवर येते.

मग सीमा कुठे आखायची? आपल्या घरात, गल्लीत, आजोळी ऐकलेलं बोलणं कोणत्याही पात्राला द्यावं, शक्यतो मोठ्या पात्राला आधी. जे बोलणं आपण फक्त टीव्हीवर किंवा टिंगलीत ऐकलं आहे, ते तोंडात घेऊ नये. तिथे आवाजावर काम करावं, उच्चारांवर नको. आवाज म्हणजे वेग, दम, थांबणं, कोण कोणाला ‘तू’ म्हणतो आणि कोण ‘तुम्ही’. माझा एक सेनापती कधीही प्रश्न विचारत नाही, सगळं विधानात बोलतो, आणि खेळाडूंना तो त्याच्या कुठल्याही उच्चाराशिवाय ओळखू येतो. ज्याला आवाज काढायची लाज वाटते त्यानं ‘तो जरा कुरकुरत हो म्हणतो’ असं सांगितलं तरी खेळ तेवढाच चालतो. ही सीमा पक्की नाही हे मलाही दिसतं. झाडीपट्टीत आजोळ असलेल्या माणसाला किती हक्क, आणि सुट्टीत दोनदा गेलेल्याला किती? याचं माप माझ्याकडे नाही. टेबलावर बसलेल्या माणसांकडे बघून बोलावं, एवढंच जमतं.

हे सगळं सहा जणांच्या खोलीपुरतं राहिलं असतं तर मी लेख लिहायला बसलो नसतो. पण आपल्याकडेही खेळ बनायला लागले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० मध्ये ‘राजी’ आणला, राजस्थानी धाटणीच्या महालांचा, आपल्या देवदैत्यांचा. निवेदन इंग्रजीत होतं, पुढच्या आवृत्तीत हिंदी आलं. उद्या मराठी येईल. आणि बहुधा माणसाऐवजी यंत्राचा आवाज येईल, कारण रेकॉर्डिंगच्या ज्या खर्चानं स्कायरिमचा नायक मुका राहिला तो खर्च यंत्र जवळजवळ पुसून टाकतं. अमेरिकेत खेळांना आवाज देणारे कलावंत याच भीतीनं जुलै २०२४ पासून जवळपास वर्षभर संपावर होते : आमचा आवाज आमच्या परवानगीशिवाय नकलू नका. आपलं दुखणं उलटं आहे. तिवस्याच्या आजीचा आवाज चोरावा असंही कोणाला वाटलेलं नाही. मी एका ॲपला लोहाराची वाक्यं वाचायला दिली. शब्द सगळे वऱ्हाडी होते, सूर संध्याकाळच्या बातम्यांचा. धार लावायला आलेल्या माणसाला हवामानाचा अंदाज सांगावा तसं ते ‘पैसे काढ ना बे’ म्हणालं. मराठी खेळ बनवणाऱ्यांनी कागदावर आवाजांची यादी करताना ‘तटस्थ मराठी’ असा रकाना ठेवला, की त्या रकान्यात कोण बसणार हे आजच ठरलेलं आहे. तो रकानाच काढून टाका, हे माझं त्यांना सांगणं. प्रत्येक आवाजापुढे गाव लिहा. पुण्याच्या आवाजापुढेही पुणे लिहा.

देवऋषिणीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या सेशनला पार्टी कोरड्या नदीपाशी आली. नदी ओलांडली की शापाचा मुलूख. मैत्रिणीनं वीस बाजूंचा फासा टाकला, एकोणीस आले, आणि ती खाली मान घालून, अजिबात आवाज न चढवता म्हणाली : “तू जाशीन. पण मांगं पाहू नोको. आन् वाट चुकला त माह्या नावानं हाक मारजो.” ‘मार’ आणि ‘मारजो’ यांत जो फरक आहे तो प्रमाण मराठीत मला सांगता येत नाही. ‘मार’ आत्ताचं असतं. ‘मारजो’मध्ये ती वेळ येणार आहे हे गृहीत धरलेलं असतं. भविष्य सांगणाऱ्या बाईला याहून नेमकं व्याकरण कुठून आणून देणार? आधी कॉमेडी आहे का विचारणाऱ्या मित्रानं डिंकाचा लाडू तोंडाशी नेलेला हात तसाच धरून ठेवला होता.

लोहार अजून आहे. त्याचं बोलणं बदलू म्हणालो तर सगळ्यांनी नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबर होतं; आता त्याच्या गावात वैद्य, सावकार आणि गावाची राखण करणारी म्हातारी योद्धी हेही तसंच बोलतात, त्यामुळे तो फक्त एक तिरसट लोहार उरला आहे. पुढच्या महिन्यात या कॅम्पेनचा मोठा खलनायक येईल. मृदू बोलणारा, कोणाचंही वाक्य न तोडणारा, लेखी हुकूम देऊन गावं जाळणारा. त्याला मी माझाच आठवीनंतरचा आवाज दिलाय. काल रात्री खोलीचं दार लोटून त्याच्या वाक्यांची तालीम करत होतो, “आपल्या भावनांचा मला आदरच आहे, तथापि...” तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, “कोन आलं रे पुण्याऊन?”